शिवणीच्या आतला रंग

कापड किती जुनं आहे हे मी कधी डोळ्यांनी ओळखलं नाही, हाताने ओळखलं. डोळे मिटायचे, कापड अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचं आणि हळूच चोळायचं. नवं कापड बोटाला नाही म्हणतं. दहा वर्षांचं कापड ऐकतं. चाळीस वर्षांचं असलं तर बोटांत काही धरलंय की नाही तेच कळत नाही. अंबरनाथला आमच्या आळीतल्या बायका गोधडीसाठी जुनी कापडं आणायच्या आणि म्हणायच्या, काकू, जरा हात लावून सांगा. मी सांगायचे. माझं चुकलं असतं तरी ते मला सांगायला कोण परत येणार होतं? म्हणून मी कधी चुकत नाही असं मला वाटत गेलं.

आमच्या माहेरची एक रीत आहे. बाळाला सुरुवातीला नवं कापड लावायचं नाही हे तर पुष्कळ घरांत पाळतात. आमच्यात त्याच्याही पुढचं आहे. पहिलं दुपटं बाळाच्या आईपेक्षा वयाने मोठ्या कापडाचं हवं. कापडाने जेवढे दिवस काढले तेवढे बाळाला लागतात, असं माझी आई म्हणायची. माझी लेक बत्तीसची. म्हणजे कापड त्याच्या वरचं हवं. आता माझ्याकडे एवढं जुनं काय असणार? एका पावसात वालधुनी नदीचं पाणी आमच्या तेव्हाच्या तळमजल्याच्या खोलीत शिरलं होतं, तेव्हा पत्र्याची पेटी भिजली आणि आईची, सासूबाईंची सगळी लुगडी त्यात कुजली.

लेकीची दोन बाळंतपणं आधी अर्ध्यावर गेली होती. हे तिसरं. तेही आठव्या महिन्यातच झालं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी काचेला नाक लावून उभी राहायचे आणि तिच्या छातीकडे बघत बसायचे. हलली की मी श्वास घ्यायचे. बाकी माझ्या हातात काहीच नव्हतं. एकच गोष्ट होती, दुपटं.

म्हणून मी उल्हासनगरला गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत जुन्या कपड्यांचे, कटपीसचे गाळे आहेत, तिथे मी वर्षानुवर्षं जाते. तिथल्या एका सिंधी दुकानदाराने माझ्यासमोर एक कापड उलगडलं. विटकरी रंग, त्यावर निळी बुट्टी, विरून विरून दोन्ही एकमेकांत मिसळायला आलेले. म्हणाला, ही जुन्या रल्लीची खोळ आहे. रल्ली म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, ठिगळाठिगळांची. कुणाची तरी आजी फाळणीत तिकडून ट्रंकेत घालून घेऊन आली होती म्हणे. मी हसले. एवढं काही मी मानणार नव्हते. मी डोळे मिटले, कापड बोटांत धरलं. बोटांत काहीच लागलं नाही. त्याच्या सांगण्यातली निम्मी वर्षं कापली आणि मनात म्हटलं, चाळीस. चाळीसला तर मरण नाही.

कापडाचे काठ बघायची माझी सवय आहे. जुन्या मागावर सूत वाहणारा धोटा काठापर्यंत जातो आणि त्याच सुताने परत फिरतो, म्हणून जुन्या कापडाचा काठ बंद असतो. हल्लीच्या मागांवर सूत काठाशी तुटतं आणि बारीक झालर राहते. ह्या कापडाचे काठ कापलेले होते, एका बाजूला फक्त दुमडून टीप मारलेली. मी ते पाहिलं. आणि सोडून दिलं. घाई होती, बाळाला दोन दिवसांत घरी सोडणार होते.

विहीणबाई बदलापूरच्या पलीकडच्या, बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या गावातल्या. भातशेती आहे, बोलणं रोखठोक. नातीला बघायला आल्या तेव्हा माझ्या मांडीवर दुपटं अर्धं शिवून झालं होतं. त्यांनी ते नुसतं नाकाशी नेलं आणि विचारलं, "उकळत्या पाण्यातून काढलंत ना बाय?"

मला राग आला. खरं सांगते, आलाच. मी म्हटलं, "चाळीस वर्षांचं सूत आहे. उकळलं तर हातात लगदा येईल. कापडातलं मला नका सांगू."

"नाय सांगत," त्या म्हणाल्या. "भातातलं तेवढं विचारा."

आणि मी नव्या कापडाला कधी केलं नसतं ते केलं. जुनं म्हणून जपलं. गार पाण्यात एकदाच बुडवलं, पिळलं नाही, सावलीत वाळवलं. दोन पदर घेतले, बारीक धावदोरा घातला. ती तयार टीप मारलेली बाजू नीट होती म्हणून तशीच ठेवली. मऊ तर असं झालं की लेक गालाला लावून बसली.

बाळ घरी आलं. तिसऱ्या दिवशी पाठीवर लाल पुरळ दिसलं. तेल चोळून, दुपट्यात गुंडाळून ठेवलेलं बाळ, पाठ तेवढी लाल. आम्ही डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पाठ पाहिली आणि विचारलं, अंगाला काही नवीन लागलंय का, साबण, पावडर, कापड?

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "नवीन काहीच नाही. कापड तर हिच्या आईपेक्षा जुनं आहे."

हे मी इतक्या खात्रीने म्हटलं की बाईंनी पुढे विचारलं नाही. मलम दिलं, दोन दिवसांनी दाखवा म्हणाल्या. ते दोन दिवस आम्ही मलम लावत होतो आणि बाळाला परत त्याच दुपट्यावर निजवत होतो. मीच निजवत होते, माझ्या हातांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दूध ओढायचं सोडलं. लेक तोंडात देत होती आणि ती नुसती ओठ लावून ठेवत होती. अंग कोमट लागत होतं. पाठीवरचं लाल आता मानेपर्यंत चढलं होतं आणि मध्ये मध्ये कातडी ओली दिसत होती. लेक रडली नाही. ती गप्प झाली. आधीच्या दोन्ही वेळी ती अशीच गप्प झाली होती, ते मला आठवलं. जावई रिक्षा आणायला धावले.

तेवढ्या वेळात मी बाळाची पिशवी भरत होते. दुपटं ओलं होतं, ते घडी घालायला उचललं तर उग्र वास आला. तो वास तीन-चार दिवस येत होता. मी तो बाळाच्या मुताचा समजत होते. पण मूत असं घशात टोचत नाही. मी कपाळाला हात लावला आणि दुपटं खिडकीशी नेलं.

आता हे मला कुणी शिकवलेलं नाही, पण गोधड्या उसवून उसवून माहीत झालेलं आहे. खरं वापरलेलं कापड बाहेरून विटतं. ऊन, हात, धुणं, सगळं बाहेरून लागतं. शिवण उसवली की आत दुमडलेल्या भागात त्याचा पहिला रंग लपून बसलेला सापडतो, कालच्यासारखा ताजा. मी त्या तयार टीपेचे चार टाके दातांनी तोडले. आतला रंग बाहेरच्याएवढाच फिका होता.

मी स्वतःला सांगितलं, टीप कुणी तरी नंतर मारली असेल. कापड आधी विटलं, मग शिवलं. असंही होतं. अजून चार टाके तोडले. दुमड पूर्ण उघडली. आत काठ होता. कापलेला नव्हता, दुमडीत लपवलेला. त्याला झालर होती, बारीक, पांढरी, सारखी.

कापड चाळीस वर्षांचं नव्हतं. चार वर्षांचंही नसेल. आमच्या ह्या पट्ट्यात नवी जीन्स धुऊन जुनी करून देतात, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. वालधुनी एके दिवशी निळी, एके दिवशी लाल वाहताना मी पन्नास वर्षं पाहिली आहे. कापड म्हातारं करायचं औषध माझ्या शेजारच्या गावात पिंपांनी भरलेलं, आणि मी डोळे मिटून बोटाने वय सांगत होते.

खाली रिक्षा आली. मला अजून वाईट वाटतं ते ह्याचं, की जिन्यावरून उतरताना एक क्षण माझ्या मनात आलं, हे दुपटं माळ्यावर टाकावं आणि गप्प बसावं. पुरळ काय, कशानेही येतं. विहीणबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग रिक्षात लेकीच्या मांडीवर बाळ बघितलं. तोंड उघडं, मान एका बाजूला. मी दुपटं पिशवीतून काढलं आणि म्हटलं, "हे जुनं नाही. माझी चूक झाली. ह्याला काय लावलंय मला माहीत नाही."

लेकीने ते बघितलं. बाळाच्या अंगाखाली जे धडपं होतं तेही तिने ओढून काढलं आणि बाळाला आपल्या पोटाशी, उघड्या अंगाशी धरलं.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला ताबडतोब दाखल केलं. अंग साध्या पाण्याने दोनदा धुतलं. कागदाएवढी पातळ कातडी आहे हिची, म्हणाल्या, त्यातून सगळं आत जातं, आणि फाटली तर बाहेरचे जंतूही जातात. मग मला विचारलं, "कशात धुतलंय ते कळू शकेल? कळलं तर बरं होईल."

मी तशीच उल्हासनगरला गेले. रिक्षात बसले होते आणि पायांत चपला वेगवेगळ्या होत्या, ते उतरल्यावर कळलं. सगळा रस्ता माझ्या हातात मोबाइल होता आणि तो वाजू नये एवढंच मी मागत होते.

दुकानदार मला बघून हसला, मग दुपटं बघून हसायचा थांबला. त्याला वाटलं भांडायला आले. मी म्हटलं, "साईं, झगडा नहीं करना है. मेरी नातिन दवाखाने में है. सिर्फ इतना बोलो, इसको किसमें धोया."

तो झालर बोटाने चाचपत राहिला. शेवटी म्हणाला, "अम्मा, मुझे भी पुराना बोल के ही दिया था." खरं की खोटं, देव जाणे. पण त्याने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि माझ्यासमोर तीन फोन लावले. सिंधीत बोलत होता. आधी गोडीत, मग आवाज चढवून. तिसऱ्या फोननंतर त्याने बिलाच्या पाठीवर तीन नावं लिहून दिली. ब्लीच, ते मारायला घालतात ती पावडर, आणि कापड मऊ करायचं एक तेल. म्हणाला, शेवटी साध्या पाण्यातून काढतात, पण घाई असली की काढत नाहीत. मी निघाले तेव्हा त्याच कापडाचं अख्खं ठाण अजून मांडणीवर होतं. तो मागून म्हणाला, "बच्ची का फोन करना अम्मा." माझ्या देखत त्याने ते ठाण खाली उतरवलं. नंतर परत वर ठेवलं असेल तर मला माहीत नाही.

बाईंनी चिठ्ठी वाचली, आत गेल्या. दोन दिवस कुणी आम्हाला काही पक्कं सांगितलं नाही. आता बघू, एवढंच. बाकड्यावर मी आणि विहीणबाई शेजारी बसलो होतो. त्यांना सगळं कळलं होतं, लेकीनेच सांगितलं. मी वाट बघत होते, आता बोलतील, मग बोलतील. त्या बोलल्या नाहीत, आणि बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ओढतेय. मी नीट ऐकलं नाही असं वाटून परत विचारलं. ओढतेय दूध, त्या म्हणाल्या.

घरी आणल्यावर विहीणबाई गावाहून एक गाठोडं घेऊन आल्या. त्यात हिरव्यात काळी चौकट असलेलं लुगडं होतं, ठिकठिकाणी रफू केलेलं. ते त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं.

"बघा. किती वर्षांचं हाय?"

माझा हात आपोआप पुढे झाला आणि थांबला. डोळे मिटायची भीती वाटली. मी लुगड्याची एक जुनी दुमड उसवली, आत बघितलं. आतला हिरवा भाताच्या रोपासारखा गडद होता. काठ बघितला. बंद होता. तरी माझ्या तोंडून आकडा निघेना.

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

"सासूबायचं हाय. मिठागरावर मजुरीला जायच्या तेव्हा नेसायच्या. माझा नवरा रांगत होता तेव्हाचं." मग म्हणाल्या, "उकळूया का?"

"उकळूया."

आम्ही दोघींनी ते मोठ्या पातेल्यात उकळलं. मी कालथ्याने ढवळत होते आणि मनात म्हणत होते, आता फाटेल, आता फाटेल. दोन ठिकाणी विरलं. बाकीचं टिकलं. विरलेलं कापून टाकलं आणि राहिलेल्याचं दुपटं केलं. शिवायला मला पूर्वीच्या चौपट वेळ लागला, कारण दर वीतभर टाक्यांनंतर मी उठून तिच्या छातीकडे बघून येत होते.

आता ती सहा महिन्यांची आहे, पालथी पडते. पाठीवर खाली एक फिकट डाग राहिलाय, जाईल म्हणतात. आळीतल्या बायका अजून कापडं आणतात. काकू, हात लावा, म्हणतात. मी कापड उलटं करते, शिवण उसवते, काठ शोधते आणि काठ नसला तर परत देते. त्या हसतात, काकूंच्या बोटांचं वय झालं म्हणतात. म्हणू देत. नातीला दुपट्यावर ठेवताना मी अजून आधी कापड नाकाशी नेते, रोज, विहीणबाईंनी नेलं होतं तसं.