ढेलजेतली गल्ली

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत, शाळेच्या वर्गात होते. तास तसाच सोडून निघाले. ते माझे सख्खे कुणी नव्हते. उजनीच्या पाण्यात गेलेल्या आमच्या गावातले शेजारी. पण सख्ख्यांचंही मला कधी इतकं कौतुक वाटलं नाही, हे आता सांगूनच टाकते.

गाव उठलं तेव्हा लोकांनी भांडीकुंडी, वासे, दारं गाडीत घातली. तात्या मात्र घरोघर जाऊन दाराची कडी मागत फिरले. माणसं हसली, पण कड्या दिल्या. पुढं ते इंदापुरात सासऱ्यांच्या जुन्या वाड्यात राहायला आले आणि मोठ्या दरवाजातून आत शिरताच लागणाऱ्या ढेलजेत त्यांनी त्या कड्या भिंतींवर टांगल्या... डावीकडं आमच्या गल्लीची डावी बाजू, उजवीकडं उजवी. खाली घरवाल्यांची नावं, तीही खडूनं. रंगानं का लिहीत नाही विचारलं, तर म्हणायचे, माणसं अजून भांडतायत, आधी ठरू दे. खरंच भांडायची. नातवंडं झालेली माणसं तिथं उभी राहून आपलं घर एक खिळा अलीकडं सरकवून घ्यायची आणि तात्या खूश.

तेराव्याच्या आधी त्यांच्या मुलानं, दिलीपनं, भल्या मनानं वाडा रंगवून घेतला. रंगाऱ्यानं कड्या पोत्यात भरल्या आणि नावांवर चुना फिरवला. काय झालं ते कळल्यावर दिलीपनं मला फोन केला. मी त्याला वाटेल ते बोलले. गल्ली दुसऱ्यांदा बुडाली होती.

तेराव्याला गाव जमलं, तेव्हा मी पोतं ढेलजेत ओतलं. आमच्या गल्लीतल्या, ऐंशी ओलांडलेल्या भागूआत्यांना नीट दिसत नाही. त्या एकेक कडी चाचपून, खुळखुळवून सांगू लागल्या. ही सुताराची, वाकडी. ही पाटलाची, हिला तेल लागायचं. बघता बघता सगळे खाली बसले. पानं वाढलेली, पण कुणी उठेना. आमची कडी हातात आली आणि माझी बोटं आपोआप तिच्या खाचेत बसली... इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो तेराव्याला.

भिंतीवरचे खिळे पुन्हा कड्यांनी भरत गेले. शेवटी एक खिळा आणि एक कडी उरली. तात्यांच्याच घराची असणार. पण ती कुणालाच ओळखू येईना. दिलीपचा चेहरा उतरला. सगळ्या गावाच्या कड्या आठवल्या, माझ्या बापाचीच तेवढी नाही, असं तो म्हणाला.

भागूआत्यांनी कडी हातात घेतली.

"कशी वळखू, लेकरा? तुज्या बापानं ती कवा लावलीच न्हाय."

दिलीपनं ती उरलेल्या खिळ्यावर टांगली. मग आम्ही जेवायला उठलो.