माळढोक बघायला जायचं ठरलं तेव्हा

पोरानं जेवता जेवता सांगितलं, "आई, दिवाळी झाली की राजस्थानला जायचं. जैसलमेरच्या पुढं वाळवंटात राष्ट्रीय उद्यान हाय. तिथं माळढोक बघायचाय. तू बी चालायचंस."

भाकरी वाढता वाढता माझा हात थांबला. तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, मोसंबीची बाग सांभाळणारा माझा मुलगा पक्षी बघायला वाळवंटात जाणार, आणि वर आईला सोबत नेणार? जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवण्यात माझा जन्म गेला. पोरगं काही लपवत असलं की समोर बघत नाही, एवढं मला कळतं. हा ताटाकडं बघून बोलत होता.

आमच्या कुंभार पिंपळगावच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. बाग असो, ट्रॅक्टर असो, मुलीकडचे एकच विचारतात, "नोकरी कुठं?" मग थकलेली घरं मध्यस्थाला धरून परराज्यातून नवरी आणतात. काहींचे संसार छान चालले आहेत. काहींची नवरी अंगावरच्या दागिन्यांसकट पसार झाली. त्यामुळं बिनलग्नाचा पोरगा राजस्थानला निघाला म्हटलं, की पुढचं आमच्याकडं सगळे न सांगताच समजून घेतात.

मीही घेतलं. ताकाला जाऊन भांडं लपवतोय, दुसरं काय! माळढोक आमच्याकडच्या माळावरही कधीकाळी दिसायचा म्हणतात. आता माळच उरला नाही, सगळा कापूस आणि मोसंबी. पण म्हणून कुणी घरचं काम टाकून त्याच्यामागं एवढ्या लांब जातं का?

मी पाळत ठेवली. फोन आला की हा बागेच्या टोकाला जाऊन हिंदीत बोलायचा. का, तर म्हणे घरात रेंज नसते. जावयाशी बोलताना मात्र त्याला माजघरातही रेंज मिळायची. मग एक दिवस त्यानं माझं आधार कार्ड मागितलं. "उद्यानाच्या परवान्याला लागतं," म्हणाला. पक्षी बघायला म्हातारीचं आधार? जालन्याहून येताना त्यानं मातकट रंगाचे दोन सदरे आणले, तेव्हा मात्र मी गोंधळले. नवरी बघायला कुणी असल्या रंगात जात नाही. नंतर वाटलं, हाही कावाच असेल, मला संशय येऊ नये म्हणून.

धाकट्या जावेला सुगावा लागलाच. दळण घेऊन जाता जाता ओट्यावर टेकली. "अक्का, माणसं कशी हायती, कुणी बघून आल्तं का? न्हाई, आजकाल लई फसवून राह्यलेत." मी म्हटलं, "पक्षी बघायला चाललोय गं." ती म्हणाली, "बराबर हाय," आणि पदराआड हसली. राग आला मला. तिचं हसणं चुकीचं होतं म्हणून नाही, तर मलाही तसंच वाटत होतं म्हणून. आणि खोटं कशाला बोलू, एकीकडं संशय घेत घेत मी कपाटातली नवी कोरी साडी वर काढून ठेवली होती.

शेवटी पोरानंच माझ्या हातात फोन दिला. "ज्यांच्या घरी राहायचंय त्या बाई हायत. जेवणाचं तू बोल, मी मोटार चालू करून येतो, लाईट आलीय." पडद्यावर माझ्याच वयाची, हातभर बांगड्या घातलेली बाई हसत होती. तिनं खोली दाखवली, चूल दाखवली. तेवढ्यात मागून डोक्यावर ओढणी घेतलेली एक देखणी मुलगी चहा घेऊन आली. म्हटलं, आता आडपडदा नको. "बहनजी, तुम्हारी लड़की का लगन हुआ क्या?"

"ये? ये तो बहू है!" ती खळखळून हसली. "बेटी हमारे है ही नहीं."

मागं वळले तर पोरगा दारात उभा. मोटारीकडं गेलाच नव्हता. त्यानं फोन घेतला, बाईंना नमस्कार केला, बंद केला आणि माझ्यासमोर खाली बसला.

"आई, ते मी सोडलं. वाटूरच्या पाव्हण्यांकडं पोरगी बघून आलो तवाच. तुला कसं सांगावं कळत नव्हतं. मंग ह्यो पक्षी मनात भरला. लांब बसायचं, गप बघायचं. शेती किती, नोकरी हाय का, त्यो मला कायबी इचारत न्हाई."

मला रडू आलं नाही, संताप आला. त्याचा, त्या पक्ष्याचा, आमच्या घरचे पोहे खाऊन नंतर फोन न उचलणाऱ्या मुलींच्या सगळ्या बापांचा. संशय फिटला तेव्हा कळलं, मी त्या संशयाच्याच आधारानं दिवस काढत होते. फसवणूक झाली असती तरी मला चाललं असतं. निदान चार दिवस घरात कुणी आलं तरी असतं.

"मग मला कशाला ओढतोस तिकडं?" मी तोडून बोलले.

"तू समद्या घरी माझ्यासंगं आल्तीस. बैठकीत लई बोलायचीस, अन् परत येताना जीपमधी खिडकीकडं तोंड करून बसायचीस. एकदा तरी आपण दोघं कायतरी बघून हसत घरी यावं, असं वाटलं."

खिडकीकडं तोंड केलं की डोळ्यांना लावलेला पदर त्याला दिसत नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते.