खंडेनवमीला बदललेली फाईल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. उत्तम उंब्रजचा, मी वडूजचा, दोघांचा मिळून एक प्रोजेक्ट. संगणकाचं बटण दाबलं की आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो — फर्मवेअर. तो मेमरी कुठे, किती ते बघतो आणि मग कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या हाती कारभार देतो. उत्तमनं असा कर्नल स्वतः लिहिला होता. तो चालवायला वेगळं मशीन आम्हाला कोण देणार? म्हणून आम्ही ते सॉफ्टवेअरमध्येच उभं केलं. लुटुपुटूचं मशीन, लुटुपुटूचं फर्मवेअर, आणि त्यावर उत्तमचा खराखुरा कर्नल. पहिल्यांदा काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा हा गडी बाकावर चढून नाचला होता.

आणि माझं काम? तयार फर्मवेअर आणून जोडायचं. बस्स. तेच मला खुपत होतं — खरं सांगतो, फार खुपत होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पुण्याच्या एका कंपनीचे साहेब प्रोजेक्ट बघायला येणार होते. आवडला तर दोघांतल्या एकाला नोकरी. अष्टमीला उत्तमनं सगळं चालवून बघितलं, व्यवस्थित चाललं. नवमीला विभागात पूजा झाली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, तुम्हाला ठाऊकच असेल. वर्कशॉपमधल्या लेथपासून आमच्या संगणकांपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. मंडळी घरी गेली. दुपारी मी दप्तर राहिलंय असं सांगून शिपाईमामांकडून किल्ली घेतली, माळ बाजूला केली आणि संगणक लावला. फर्मवेअरची नवी आवृत्ती आली होती. म्हटलं, ही घातली तर दोन सेकंद लवकर सुरू होईल — साहेबांना सांगायला माझंही काहीतरी असेल. फाईल बदलली. एकदा चालवून बघणार, तेवढ्यात बाहेर मामांच्या चपला वाजल्या. घाईघाईनं बंद केलं, माळ होती तशी ठेवली.

साहेबांपुढं उत्तमनं कमांड दिली. फर्मवेअरची पहिली ओळ आली आणि सगळं तिथंच थांबलं. त्या ओळीत आवृत्तीचा नंबर होता. मी तो वाचला. मला कळलं, नव्या आवृत्तीचं उत्तमच्या कर्नलशी जमत नव्हतं. तोंड उघडायला कितीसा वेळ लागला असता? उत्तम घामाघूम होऊन स्वतःच्याच कर्नलमध्ये चूक शोधत होता. आमचे प्रोजेक्टचे सर वैतागून म्हणाले, नवमीला तर कुणी हात लावलेला नाही, दसऱ्याला सुट्टी, म्हणजे अष्टमीला तूच काहीतरी बिघडवून ठेवलंस. त्यानं मान खाली घातली. "व्हय सर, माझंच कायतरी चुकलं असंल."

मग साहेबांनी मला दोन-चार प्रश्न विचारले. मी नीट उत्तरं दिली. नोकरी मला मिळाली.

इथवरच्याला भित्रेपणा म्हणता येईल. पण त्याच संध्याकाळी — हे लिहितानाही लाज वाटते — मी जाऊन जुनी फाईल परत घातली. दुसऱ्या दिवशी उत्तमनं चालवलं तर पहिल्या फटक्यात सुरू. तो पडद्याकडे बघतच राहिला. "मग काल का न्हाई चाललं रं?" मी खांदे उडवले. चूक सापडली असती तर त्यानं ती दुरुस्त केली असती, विसरून गेला असता. मी त्याला सापडण्यासारखी चूकच ठेवली नाही. त्यानंतर त्यानं कर्नलला हात लावला नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीलाही कुठं गेला नाही.

परवा साताऱ्याहून कराडला जाताना उंब्रजला थांबलो. हायवेलगत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मला बघून त्याला खरंच आनंद झाला. माझ्या फोनची फुटलेली काच त्यानं बदलून दिली. मग फोन बंद करून चालू केला. परत बंद, परत चालू. असं पाच वेळा. मी म्हटलं, झालं की रं आता. तो हसला.

"आपल्या हातावर आपलाच भरवसा न्हाई गड्या. तवापासनं."

कवापासनं, ते मी विचारलं नाही. दुकानात आम्ही दोघंच होतो. मी फोन खिशात टाकला, येतो म्हणालो आणि गाडी सुरू केली.