शालनच्या हाताला लावलेला बोल

हे मी शालनला सांगितलेलं नाही, म्हणजे जगात कुणालाच नाही. शालन माझी बायको, लग्नाला चाळीस वर्षं झाली. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरी जेवायला येणार नाही, म्हणून असेल.

आधी तिच्या हाताबद्दल सांगतो. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची वेळ आली की गल्लीतल्या बायका मिरच्या निवडून तिची वाट बघत बसायच्या. मसाला भाजताना कढई कधी उतरवायची, हे तिला नुसत्या वासावर कळायचं. रविवारी मटण शिजायला लागलं की मी पेपर घेऊन मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात बसायचो. फोडणी पडायच्या आत ती मटणाच्या अळणी पाण्याची, म्हणजे बिनतिखटाच्या रश्श्याची, पहिली वाटी माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "पेपर उलटा धरलाय." काय दिवस होते ते!

मग मला साखर निघाली.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. संतुलित आहाराचा धडा तीस वर्षं शिकवला — फळ्यावर ताट काढून, त्याचे भाग पाडून. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. शालन सातवी शिकलेली. पण दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंना प्रश्न विचारले ते तिनं. भात किती? भाकरी ज्वारीची का नाचणीची? कूट चालतं का? बाईंनी दिलेला कागद तिनं फ्रिजवर चिकटवला. बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचायला लागली, तेल चमच्यानं मोजायला लागली. स्वतःचा चहाही बिनसाखरेचा केला — "तुमी एकट्यानं कशाला कडू तोंड करायचं?"

आणि मी? मी सकाळी रंकाळ्यावर फिरायला जायचो. म्हणजे अर्धी फेरी. तिथून दूध कट्ट्यावर. समोर म्हशीची धार काढून दिलेला फेसाळ पेला — लहानपणी वडिलांचं बोट धरून तिथं गेलेलो, ती चव कशी सुटणार? पण दुधावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पुढं मिसळ, चार पाव, वरून कट, गोड चहा. रविवारी जिलेबी. कुणी म्हणायचं, "सर, साखर हाय न्हवं तुमाला?" मी म्हणायचो, "चालतोय की रोज. जिरतंय सगळं." मग तोंड पुसून घरी यायचो आणि शालनची नाचणीची भाकरी शहाण्यासारखा खायचो.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. साखर वाढलेली.

बाईंनी विचारलं, "सर, बाहेर काही खाता का?"

इथं थांबावंसं वाटतंय. मी "न्हाय" म्हणालो. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर लबाड ठरलो असतो, बस्स. पण बाई माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मी — पोरांना छड्या मारणारा मास्तर — घाबरलो. म्हणालो, "हिचा हात जरा सैल हाय तेलाला, गोडाला. सवय हाय ओ तिची, जात न्हाय."

शालननं माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या सफरचंदाकडे बघत होतो.

"व्हय बाई," ती म्हणाली, "चुकत असंल माझंच."

चमचा तिच्या हातात असायचा, मोजत तीच होती. तरी तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, स्वतःच्या हातावर नाही. ह्याला काय म्हणायचं?

त्यानंतर तो हात गेला. मीठ टाकताना थबकायला लागली. भाजी तीनतीनदा चाखायची आणि तरी विचारायची, बरी झालीय का. चटणीला बायका बोलवायला आल्या तर म्हणाली, "नगं गं, माझा हात बिघडलाय." गेल्या वर्षी मुलाचं लग्न झालं, प्राजक्ता सून म्हणून आली, तर आठवड्यातच गॅस तिच्या हवाली केला. "तू कर पोरी. माझ्या हातचं ह्यास्नी बाधतंय." दारात पेपर घेऊन बसायचं कारण उरलं नाही. एकदा तरी मी म्हणालो का, की शालन, आज तू कर? नाही म्हणालो. म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, आता कसं बाधत न्हाय?

यंदा माझा गुडघा गेला. जिना उतरता येत नाही, त्यामुळे फिरणं बंद, मिसळ बंद, जिलेबी बंद. गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला. साखर आटोक्यात.

शालननं तो कागद देवापुढं ठेवला. सुनेच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. प्राजक्ता म्हणाली, "आई, मी काय केलंय? तुमच्याच कागदावर बघून करतोय की." शालननं ते ऐकूनही घेतलं नाही. किती दिवसांनी तिला इतकी खुशीत बघत होतो मी. माझं ताट वाढता वाढता म्हणाली,

"बगा, पोरीच्या हाताला गुण आला. इतकी वर्सं माझ्याच हातात खोट हुती."

"व्हय," मी म्हणालो आणि भाकरी मोडली.