कडुलिंबावरची गाठोडी

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या धर्मशाळेत माणसं बहुतेक अस्थी घेऊनच यायची. अस्थी आत आणायच्या नाहीत, दाराशी कडुलिंबाला टांगायच्या. स्वयंपाकाला तीन चुली, त्या सगळ्यांच्या. तिथली रीत सासूबाईंनी मला बैलगाडीतच पढवली, मी नवी सून ना. परक्याच्या भांड्यात डोकावू नये. निघताना चूल सारवून मागून येणाऱ्यासाठी चार काटक्या ठेवाव्या. आणि झाडावरचं गाठोडं कुणाचं, हे कुणालाच विचारू नये.

आम्ही सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. त्यांचंही गाठोडं त्याच कडुलिंबावर. नवरा घाटावर भटजी बघायला गेला, आम्ही दोघी चूल रिकामी व्हायची वाट बघत बसलो. दोन चुलींवर मोठाली बिऱ्हाडं, तिसरीपाशी मात्र एकटी बाई. तिनं दादर ज्वारीच्या दोन भाकरी केल्या, दोन ताटं वाढली. एकात जेवली आणि दुसऱ्यासमोर बसून राहिली. मधूनच झाडाकडे बघायची, चुलीत काटकी सारायची. वारा नव्हता, तरी तिथलं एक लहानसं गाठोडं हलतंय असं मलाही वाटायला लागलं.

"सकायपासून अशीच बसेल शे," शेजारची पुटपुटली. "जेवनारं काही येत नही, नि हाई काही उठत नही."

आमच्या सासूबाई परक्या चुलीवरचं पाणीसुद्धा पीत नसत. त्या उठल्या आणि त्या दुसऱ्या ताटासमोर जाऊन बसल्या.

"माय, माले भूक लागनी. हाई ताट माले दे."

"ते मन्ही पोरनं शे."

"माले ठाऊक शे. म्हनीसनच मांगस."

बाईनं त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं, मग ताट पुढे सारलं. सासूबाईंनी भाकर संपवली, ताट बोटानं पुसून घेतलं. मग कुठे बाईनं चूल विझवली, सारवली, काटक्या रचल्या. ते लहान गाठोडं झाडावरून काढून छातीशी धरलं आणि नदीकडे गेली.

ओल्या सारवणात तिची बोटं उमटलेली. त्यावर जाळ करायला माझा हात होईना.

"पेटाड," सासूबाई म्हणाल्या.

आता खाणारी आम्ही नवराबायको दोघंच, सासूबाईंचं तर पोट भरलेलं. तरी त्यांनी तीन भाकरी थापल्या, तीन ताटं मांडली. तिसऱ्यात सासऱ्यांना लागायची तशी भाजलेली मिरची कडेला ठेवली, आणि झाडाकडे बघत बसल्या.

विचारायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी माझं ताट बाजूला सारलं आणि त्या तिसऱ्याला हात घातला.

"आत्याबाई, माले भूक लागनी."

ताटाच्या काठावरचा त्यांचा हात सुटायला फार वेळ लागला.