शेजारणीचं बाळ

सातव्या महिन्यात झालेल्या माझ्या जुळ्या मुली मुंबईच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होत्या. आईला तिथे राहू देत नसत, म्हणून मी पनवेलला परतले. यजमान रविवारी जाऊन मुलींना काचेतूनच बघून येत. मी कामं आखून घेतली होती. दुपटी शिवली, लंगोट उकळून घड्या घातल्या. दुपारपर्यंत सगळं आटपे आणि मग घरात बोलायला कुणी नसे.

दूध मी पिळून पेरूच्या मुळाशी ओतत असे. ते कमी होऊ लागलं. मागच्या दारी राहणाऱ्या आगरी बाईने ते पाहिलं आणि आपला चार महिन्यांचा मुलगा माझ्या मांडीवर ठेवला.

"दूद आटला त पोरी घरा आल्याव त्यांना काय चहा पाजशील? घे, याला लाव. याचा पोट भरतच नाय."

तो जड होता आणि लगेच ओढू लागला. ती उंबऱ्यावर जवळ्याची सुकट निवडत बसली. पोट भरल्यावर तो झोपला, तेव्हा ती त्याला घ्यायला उठली.

"राहू दे थोडा वेळ," मी म्हणाले.

ती पुन्हा बसली. मग रोजच येऊ लागली. मुली घरी आल्या तोवर दूध टिकलं, दोघींना पुरलं. तोपर्यंत माझ्या मांडीवर मूल असे ते रोज दुपारीच, आणि तेही शेजारणीचं.