मिस्त्रीचं बोलणं

उद्यमनगरातला आमचा मिस्त्री जुनं इंजिन ऑइल चिमटीत चोळून हुंगायचा, मग डोळं मिटून निकाल द्यायचा, "ज-ज-जळलंय पावणं. फिल्टरबी बदलूया की." त्याचं अडखळणं मला हुबेहूब जमतं. परवा गाडी घेऊन गेलतो. तो गाडीखाली ऑइल सोडत होता आणि मी बाकड्यावरच्या दोघांना त्याची नक्कल करून हसवत होतो. खाली पान्याचा आवाज थांबला, तवा मी गप झालो.

नवा फिल्टर बसवून तो बाहेर आला, वरनं ऑइल भरलं. मी विचारलं, "काय झालतं ओ मामा?"

त्यानं मोबाईलवर टाइप करून दाखवलं, 'ऑइल जळलं होतं. आता काळजी नाही.'

दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्यामागनं आलेल्या गिऱ्हाइकालाबी त्यानं मोबाईलच दाखवला.